बेवारस

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या तालुक्याच्या एस. टी. स्टँडवर, चौकशीच्या खिडकीशेजारी भिंतीवर एक सूचना रंगवलेली आहे : ‘बेवारस वस्तूंना हात लावू नये.’ अक्षरओळख झाल्यापासून मी ही सूचना वाचत आले आहे. माझे वडील त्याच स्टँडवर हमाल आहेत. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन स्टँडवर जायची आणि त्यांचे जेवण होईपर्यंत भिंतीवरच्या पाट्या वाचत बसायची. गाड्यांची वेळापत्रके, कधी न पाहिलेल्या गावांची नावे, ‘खिसेकापूंपासून सावध राहा’, आणि ही सूचना. एकदा मी विचारले, “आण्णा, बेवारस म्हंजे काय?”

आण्णांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितले, “ज्याला ‘माझं’ म्हणायला कुणी न्हाई, ते बेवारस.”

पुढे शाळेत आणि कॉलेजात पुष्कळ व्याख्या पाठ केल्या आणि परीक्षा झाल्यावर विसरले. ही एक व्याख्या पाठ न करताच राहिली.

आण्णांचा धंद्यातला एक नियम आहे. धनी दिसल्याशिवाय सामानाला हात लावायचा नाही. पूर्वी सगळे सामान गाडीच्या टपावर जायचे. डोक्यावर पेटी घेऊन मागची शिडी चढायची, पेटी वर ठेवायची, दोरीने आवळायची. आता गाड्यांना डिकी असते, पण नियम तोच आहे. गाडी सुटायला आलेली असो, कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर असो, फलाटावर एकटी बॅग दिसली की आण्णा मोठ्याने विचारणार, “धनी कुठाय हिचा?” धनी पुढे झाला तरच बॅग हलणार. यावरून वादही होतात. एकदा एक गृहस्थ बॅग फलाटावर ठेवून परस्पर गाडीत जाऊन बसले. बॅग खाली राहिली, गाडी गेली. त्यांनी तक्रार केली आणि आण्णांना चार लोकांत बोलणी खावी लागली. त्या रात्री आई म्हणाली, “ठेवली असती तर काय बिघडलं असतं?” आण्णा एवढेच म्हणाले, “माणूस आन् त्याचं सामान एका गाडीत पायजे. दुसरं काय बघायचं असतं आपुन?”

मला हा त्यांचा हट्टीपणा वाटे. तो हट्टीपणा नव्हता हे मला २०२५ च्या जून महिन्यात कळले.

१२ जूनला अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उडाल्याबरोबर कोसळले. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. स्टँडच्या कँटीनमधल्या टी. व्ही.पुढे ही गर्दी झाली. आण्णांनी घरी आल्या आल्या मला विचारले, “बाँब हुता का गं?” मी म्हटले, “नाही आण्णा, अपघात म्हणतायत.” दुसऱ्या आठवड्यात कॉलेज सुरू झाले आणि राज्यशास्त्राच्या तासाला तोच विषय निघाला. सर म्हणाले, “याच महिन्यात एअर इंडियाच्या आणखी एका विमानाला ४० वर्षे होतील. ते मात्र बाँबनेच पाडले होते. ‘कनिष्क’ हे नाव कुणी ऐकले आहे?” वर्गात साठ-सत्तर मुलेमुली होती. मागच्या बाकावरून आवाज आला, “कुशाण राजा, सर!” वर्ग हसला. सर हसले नाहीत. दुसऱ्या कुणाचाही हात वर झाला नाही. माझाही नाही.

तास संपल्यावर मी सरांना गाठले. त्यांनी मला कॅनडातल्या चौकशी आयोगाच्या अहवालाची काही पाने छापून दिली. इंग्रजी शब्दकोश शेजारी घेऊन मी ती पंधरा दिवस वाचत होते. जे कळले ते माझ्या शब्दांत सांगते.

२२ जून १९८५ ची सकाळ. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकुव्हर शहराचा विमानतळ. रांगेत एक माणूस उभा होता. त्याच्या तिकिटावर ‘एम. सिंग’ असे नाव होते. त्याला टोरांटोपर्यंत एका कॅनेडियन कंपनीच्या विमानाने आणि तिथून एअर इंडियाने भारतात जायचे होते. टोरांटोच्या पुढे त्याची जागा पक्की झालेली नव्हती. तेव्हा नियमाप्रमाणे त्याची बॅग टोरांटोपर्यंतच जायला हवी होती. पण बॅग थेट पुढच्या विमानात चढली पाहिजे, असा त्याचा हट्ट होता. खिडकीवरच्या बाईंनी आधी नकार दिला. तो हटेना. मागे रांग वाढत चालली, लोक ताटकळले. शेवटी त्या बाईंनी बॅगेला पुढच्या विमानाची चिठ्ठी लावली. बॅग गेली. एम. सिंग मात्र विमानात चढलाच नाही. त्याची जागा टोरांटोपर्यंत रिकामी गेली.

या ओळीपाशी मी वाचायची थांबले. “धनी कुठाय हिचा?” आमच्या स्टँडवरचा तो आवाज माझ्या कानात घुमला. हा प्रश्न त्या दिवशी व्हँकुव्हरला कुणी विचारला नाही. टोरांटोलाही विचारला नाही. तिथे बॅगा तपासायचे क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले. उरलेल्या बॅगा हातात धरायच्या एका छोट्या यंत्राने तपासल्या गेल्या. त्या यंत्रावर भरवसा ठेवण्यासारखे काही नव्हते. वेळ लावलेले बाँब विमानात ठेवले जाण्याचा धोका आहे, असा इशारा एअर इंडियाने १ जूनलाच टेलेक्सने दिलेला होता. इशारा होता, यंत्रे होती, पोलीसही होते. पण प्रवाशांची यादी आणि बॅगांची यादी शेजारी ठेवून जुळवून पाहण्याचे साधे काम राहून गेले. ते झाले असते तर एक बॅग जादा भरली असती.

विमान होते बोइंग ७४७. एअर इंडियाच्या जंबो विमानांना सम्राटांची नावे असत. याचे नाव ‘सम्राट कनिष्क’. टोरांटोहून माँट्रियल, तिथून लंडन, दिल्ली आणि शेवटी मुंबई, असा त्याचा मार्ग होता. आत ३०७ प्रवासी आणि २२ कर्मचारी होते. एअर इंडियाचे मुख्यालय तेव्हा मुंबईत नरिमन पॉइंटला होते आणि कर्मचाऱ्यांपैकी अनेकांची घरे मुंबईत होती. त्यांच्या दृष्टीने ही घरी परतण्याची फेरी होती. प्रवाशांत ऐंशीहून अधिक लहान मुले होती. कॅनडातल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागायची वेळ होती, आणि भारतातून तिकडे गेलेल्या आया मुलांना घेऊन सुट्टीला निघाल्या होत्या. आपल्याकडे यासाठी किती गोड शब्द आहे! ती मुले आजोळी निघाली होती.

२३ जून. विमान ३१,००० फुटांवर होते. आयर्लंडचा नैर्ऋत्य किनारा अजून सुमारे १९० किलोमीटर दूर होता. ग्रिनिच वेळेप्रमाणे सकाळचे ७ वाजून १४ मिनिटे झाली होती. आपल्याकडे दुपारचे पावणेएक. शॅनन येथील नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर एक ठिपका सरकत होता. तो एकाएकी नाहीसा झाला. मदतीची हाक आली नाही, काही आले नाही. सामानाच्या कप्प्यातल्या बाँबने विमान आकाशातच फुटले होते. ३२९ माणसे गेली. एकही वाचले नाही. २९ कुटुंबे अशी होती की त्यांच्यातले सगळेच त्या विमानात होते. मागे कुणी उरलेच नाही.

१३१ मृतदेह समुद्रातून मिळाले. १९८ मिळाले नाहीत. आमच्याकडे नदीच्या पुरात वाहून गेलेल्या माणसाचा देह मिळाला नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. लहानपणी मी एकदा ते पाहिले आहे. तेव्हा मला त्या पुतळ्याची भीती वाटली होती. आता वाटते, ती किती शहाणी रीत आहे! काहीतरी हातात आल्याशिवाय माणसाला ‘गेला’ म्हणता येत नाही.

हे कुणी केले आणि का केले? जून १९८४ मध्ये अमृतसरच्या सुवर्णमंदिरात लष्कर शिरले. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर इंदिरा गांधींची हत्या झाली आणि पाठोपाठ दिल्लीत व इतरत्र हजारो निरपराध शिखांना मारण्यात आले. ही जखम खरी होती. कॅनडात राहणाऱ्या काही खलिस्तानवाद्यांनी तिचा सूड घ्यायचे ठरवले. तलविंदरसिंग परमार हा त्यांचा म्होरक्या होता, असे चौकशीत पुढे आले. पण सूड घेतला कुणावर? विमानातल्या प्रवाशांत शीख कुटुंबेही होती. सहवैमानिक स्वतः शीख होता. ज्यांच्या नावाने सूड घ्यायचा, त्यांचीच मुले त्या बॅगेने मारली. सूडाला आपले आणि परके ओळखू येत नाही, हे वाक्य मी निबंधात अनेकदा लिहिले असेल. त्याचा अर्थ मला इथे कळला.

आता दुसऱ्या बॅगेची गोष्ट सांगायची आहे. व्हँकुव्हरहूनच टोकियोला गेलेल्या एका विमानात तशीच आणखी एक बॅग होती. तिच्याही तिकिटावर ‘सिंग’ असेच आडनाव होते आणि तिचाही धनी विमानात चढला नव्हता. टोकियोजवळच्या नारिता विमानतळावर ती बॅग एअर इंडियाच्या बँकॉकला जाणाऱ्या विमानात चढवायची होती. कनिष्क कोसळण्यापूर्वी ५५ मिनिटे ती बॅग विमानतळावरच फुटली. सामान हलवणारे दोन कामगार जागीच ठार झाले, चार जखमी झाले.

सामान हलवणारे कामगार! अहवालाच्या भाषेत त्यांना मोठे नाव आहे. आमच्या स्टँडच्या भाषेत ते हमाल. सकाळी घरून डबा घेऊन आलेले, गणवेश घातलेले, दिवसाला शेकडो बॅगा उचलणारे. कुणाच्या बॅगा आहेत, कुठे चालल्या आहेत, याच्याशी त्यांचा काय संबंध? खलिस्तान हा शब्द तरी त्यांनी ऐकला असेल का? ३२९ या आकड्यापुढे २ हा आकडा कुणाच्या लक्षात राहात नाही. माझ्या मात्र तोच लक्षात राहिला. त्या रात्री मला झोप आली नाही. डोळे मिटले की आण्णा दिसायचे, खांद्यावर कुणाची तरी बॅग घेतलेले.

यापुढचा भाग वाचताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला. इंग्रजी अवघड होते म्हणून नव्हे. मला विश्वासच बसेना म्हणून.

त्या विमानातले २६८ प्रवासी कॅनडाचे नागरिक होते. बरीचशी मुले तिथेच जन्मलेली, तिथल्या शाळांत शिकणारी. कट कॅनडात शिजला, बाँब कॅनडात तयार झाला, बॅग कॅनडाच्या विमानतळावर चढली. आणि घटना घडल्यावर कॅनडाचे पंतप्रधान ब्रायन मल्रोनी यांनी फोन करून दुःख व्यक्त केले ते भारताचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्याकडे! जणू शेजाऱ्याच्या घरचे माणूस गेले आणि आपण समाचाराला गेलो. ज्यांची लेकरे टोरांटोच्या शाळेत जात होती, त्या आईबापांनी काय समजायचे? नावे भारतीय, कातडीचा रंग भारतीय, विमान भारतीय, म्हणून दुःखही भारताचे. आणि भारताच्या लेखी ती माणसे देश सोडून गेलेली, दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेली. दोन्ही घरांच्या उंबऱ्यावर ते ३२९ जण उभे होते, आणि आत या म्हणायला कुणी पुढे येत नव्हते.

बॅग बेवारस होती, हे पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात आले नाही. त्या बॅगेने मारलेली माणसेही बेवारस झाली, हे लक्षात यायला कॅनडाला वीस वर्षे लागली.

मधल्या काळात काय झाले ते थोडक्यात सांगते. फ्रान्सच्या एका जहाजाने यांत्रिक पाणबुडीच्या साह्याने सुमारे २,००० मीटर खोलीवरून विमानाची दोन्ही नोंदयंत्रे वर काढली. ती मुंबईला आणून भाभा अणुसंशोधन केंद्रात तपासण्यात आली. न्यायमूर्ती कृपाल यांनी १९८६ साली आपल्या अहवालात हा बाँबस्फोटच होता असा निष्कर्ष दिला. कॅनडातला तपास मात्र रेंगाळतच राहिला. तिथल्या गुप्तहेर खात्याने परमारचे दूरध्वनी चोरून ऐकून ध्वनिमुद्रित केले होते. त्यांतल्या शेकडो फिती त्याच खात्याने पुसून टाकल्या. साक्षीदार होऊ शकणारे एक शीख पत्रकार, तारासिंग हेयर, यांची १९९८ मध्ये गोळ्या घालून हत्या झाली. परमार १९९२ मध्ये पंजाबात पोलिसांच्या हातून मारला गेला. दोन प्रमुख आरोपींना व्हँकुव्हरच्या न्यायालयाने १६ मार्च २००५ रोजी पुराव्याअभावी निर्दोष सोडले. बाँब बनवण्यात हात असलेला इंदरजितसिंग रेयात हा एकच माणूस दोषी ठरला. ३३१ खून, आणि शिक्षा एकाला.

नातेवाईक चौकशी आयोग मागत राहिले. तो आयोग २००६ साली नेमला गेला आणि न्यायमूर्ती जॉन मेजर यांचा अहवाल जून २०१० मध्ये आला. एकामागून एक चुकांची मालिका त्यांनी मांडली. पण मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले ते त्या अहवालाचे नाव. ‘एअर इंडिया फ्लाइट १८२ : एक कॅनेडियन शोकांतिका.’ २५ वर्षांनंतर कुणीतरी अधिकृतपणे लिहिले की हे आमचे दुःख आहे. त्याच महिन्यात २३ तारखेला पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी नातेवाइकांची जाहीर क्षमा मागितली. तरीही २०२३ साली कॅनडात झालेल्या एका पाहणीत दर दहांपैकी नऊ जणांनी सांगितले की या घटनेबद्दल आपल्याला थोडेच किंवा काहीच माहीत नाही. मी त्यांना नावे ठेवू शकत नाही. आमच्या वर्गात दहांपैकी दहा होते.

मग त्या मेलेल्यांना ‘माझे’ म्हणणारे पहिल्या दिवसापासून कुणीच नव्हते का? होते. ज्यांचा काही संबंध नव्हता तेच होते.

‘लॉरेन्शियन फॉरेस्ट’ नावाचे एक मालवाहू जहाज त्या समुद्रातून चालले होते. विमानाचे अवशेष पहिल्यांदा त्याला दिसले. ते थांबले आणि त्यावरचे खलाशी मृतदेह वर घेऊ लागले. मग आयर्लंडच्या नौदलाचे ‘ॲशलिंग’ जहाज आले. त्यावरचे तरुण नाविक छोट्या रबरी होड्यांतून लाटांत उतरले आणि एकेक देह वर काढू लागले. त्यात लहान मुले होती. हे देह कॉर्क शहराच्या रुग्णालयात आणले. भारतातून आणि कॅनडातून नातेवाईक तिथे पोचले, तेव्हा त्या परक्या गावातल्या लोकांनी, परिचारिकांनी, पोलिसांनी त्यांना धरून ठेवले. भाषा वेगळी, धर्म वेगळा, देश वेगळा. कुणी त्यांना विचारले नाही की हे दुःख तुमचे की आमचे.

त्या किनाऱ्यावर आहाकिस्ता नावाचे खेडे आहे. समुद्रात जिथे विमान पडले त्या बाजूला तोंड करून तिथे एक छोटी बाग केली आहे. बागेत एक छायायंत्र आहे, सावलीवरून वेळ सांगणारे, आणि भिंतीवर मृतांची नावे कोरलेली आहेत. घटनेला वर्ष होताच, २३ जून १९८६ रोजी, हे स्मारक उभे राहिले. कॅनडातली स्मारके त्यानंतर वीस-एक वर्षांनी झाली. दर वर्षी २३ जूनला सकाळी नातेवाईक तिथे जमतात आणि गावचे लोकही येतात. २००५ साली कॅनडाचे पंतप्रधान पॉल मार्टिन पहिल्यांदा तिथे गेले. म्हणजे आयर्लंडमधले एक खेडे वर्षाच्या आत जे समजले, ते एका श्रीमंत देशाच्या सरकारला समजायला वीस वर्षे लागली. वारसा रक्ताने मिळतो, कागदाने मिळतो, असे आपण समजतो. कधीकधी तो नुसता पुढे होऊनही घ्यावा लागतो.

कनिष्कनंतर जगभर नियम कडक झाले. प्रवासी विमानात नसेल तर त्याची बॅगही जाता कामा नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय नियमांत आले. तरी साडेतीन वर्षांनी, २१ डिसेंबर १९८८ रोजी, स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर अमेरिकेचे एक विमान बाँबनेच कोसळले आणि २७० माणसे मेली. त्या विमानातली ती बॅगही बिनधन्याची होती. नियम कागदावर असून भागत नाही. “धनी कुठाय?” असे विचारणारा माणूस फलाटावर उभा असावा लागतो, आणि त्याने विचारल्यावर आपण त्याच्यावर चिडून चालत नाही.

इथे खरे म्हणजे माझा लेख संपायला हवा. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय तो संपवला तर मी खोटी ठरेन.

पहिल्या वर्षाला असताना आमचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर होते. आम्ही तीस-पस्तीस मुलेमुली स्टँडवर जमलो होतो. फावडी, घमेली, तांदळाची पोती, भांडी, आणि प्रत्येकाची बॅग. सामान पुष्कळ होते म्हणून सरांनी हमालाला हाक मारली. आण्णा आले. मी कॉलेजात जाते तेव्हापासून माझ्या मैत्रिणींना मी सांगितले होते की माझे वडील ‘एस. टी.त’ असतात. ते खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. मी मैत्रिणींच्या घोळक्यात मागे सरकले. आण्णांनी मला पाहिले. पाहिले, आणि क्षणात त्यांना सगळे कळले. त्यांनी नजर वळवली आणि ते सामान चढवू लागले. शेवटी माझी एकच बॅग फलाटावर उरली. ती बॅग त्यांनीच मला आठवड्याच्या बाजारातून आणून दिली होती. तिच्याजवळ उभे राहून आण्णांनी नेहमीच्या आवाजात विचारले, “धनी कुठाय हिचा?” कुणी बोलेना. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, “ताई, बॅग कुणाची?”

मी म्हणाले, “माझी.”

त्यांनी बॅग उचलली, डिकीत ठेवली आणि सरांकडून पैसे घेऊन ते निघून गेले. बॅग माझी, एवढे मी बोलले. दुसरे मला बोलता आले नाही. घरी या गोष्टीचा त्यांनी कधी उच्चार केला नाही. मीही केला नाही. कॅनडाने आपल्या माणसांना ‘माझे’ म्हणायला वीस वर्षे लावली याचा संताप मी वर लिहिला आहे. तो लिहिताना माझा हात दोनदा थांबला होता, तो यामुळे.

कनिष्कची गोष्ट वाचून झाल्यावर एका रात्री मी ती आण्णांना सांगितली. व्हँकुव्हर, टोरांटो, नारिता, सगळे सांगितले. ते भिंतीला टेकून ऐकत होते. एम. सिंगच्या हट्टाचे सांगितले तेव्हा म्हणाले, “रांग वाढली म्हणून चिठ्ठी लावली बघ. आमच्याकडं बी असंच करतात. गाडी सुटली, गाडी सुटली म्हणून मागं लागतात.” नारिताचे सांगितले तेव्हा मात्र गप्प झाले. बऱ्याच वेळाने विचारले, “त्या दोघांची नावं काय हुती?”

माझ्या कागदांत नावे होती. मी ती वाचून दाखवली. आण्णांनी ती उच्चारून पाहिली. नीट जमली नाहीत. पुन्हा एकदा म्हणायला लावली आणि हळू आवाजात माझ्या मागोमाग म्हटली.

सरांनी या अंकासाठी लेख मागितला तेव्हा मी हाच विषय घेतला. अंक छापून आला की माझ्या वर्गातल्या मुली तो वाचतील. त्या शिबिराला माझ्याबरोबर होत्या त्याही वाचतील. त्यांना सांगायचे ते इथे सांगते. त्या दिवशी आपले सामान गाडीत चढवणारा, माझ्या बॅगेचा धनी विचारणारा जो माणूस होता, ते माझे वडील.